'गेनलेस'चं राहिलेलं वाक्य

बाई, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, आता त्या चिठ्ठ्यांचं काय? हे लिहायला लाज वाटते. पण तुमच्याकडे शिकताना एकच नियम होता, वाक्य खरं पाहिजे. म्हणून हे वाक्य पहिल्यांदा लिहिते.

फोन तुमच्या भाचीचा होता, सुनंदाताईंचा. त्या म्हणाल्या, "आत्या सकाळी गेली. झोपेतच. तुझं नाव लिहिलेला एक डबा आहे इथे. येऊन घेऊन जा." मी ऑफिसात होते, हातात परीक्षेच्या फॉर्मांचा गठ्ठा होता. "येते" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर विचार करत बसले. त्यांनी डबा उघडला असेल का? वाचलं असेल का? सुनंदाताई निफाडला दिलेल्या. आणि निफाड हे नाव अकरा वर्षं माझ्या घशात अडकलेलं होतं. तुम्ही गेल्याचं कळून एक तास झाला नव्हता आणि मी पुन्हा तुमच्यावर संशय घ्यायला बसले होते.

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावर चिकटपट्टीखाली माझं नाव. आज पाच दिवस तो माझ्या टेबलावर आहे. त्यातलं सगळं वाचून झालंय. तुमच्याशी बोलायचं होतं, ते आता असं कागदावर बोलते.

तुम्ही आमच्या गावात राहायला आलात तेव्हा मी अकरावीत होते. मखमलाबादच्या बाजूला आमचा मळा, थोडी फुलं, थोडी भाजी. गावाच्या तोंडाशी असलेल्या दोन खोल्या तुम्ही भाड्याने घेतल्यात. लोकांना एवढंच कळलं की बाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉल जोडून द्यायच्या, आता घरबसल्या फोन लागायला लागले म्हणून नोकरी सोडली, लग्न केलेलं नाही. महिन्याभरात तुम्ही ओसरीवर मुलांना इंग्रजी शिकवायला बसलात. सकाळी साडेसहा ते आठ. फी काही नाही.

फी नाही, हेच आमच्याकडे पहिल्यांदा खटकलं. अप्पा, म्हणजे माझे वडील, चौथी शिकलेले. ते आईला म्हणाले, "फुकट शिकवती म्हंजे काय? तिचं काय हाय यात?"

आई म्हणाली, "असंल बिचारीला पोरांची आवड."

"आवड असती तर लगीन केलं असतं."

आई हसली, पण अप्पा हसत नव्हते.

तरी त्यांनी मला पाठवलं, कारण बारावीला इंग्रजीतच मुलं नापास व्हायची आणि आमच्या घरात तोवर दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात मेथीच्या चार जुड्या दिल्या. मळ्यातलं ताजं काही निघालं की ते ओळखीच्या घरी जातं, त्याला आमच्याकडे वानवळा म्हणतात. त्याचे पैसे घ्यायचे नसतात, पण पिशवीही रिकामी परत करायची नसते. मूठभर साखर, दोन लिंबं, देवाचा प्रसाद, काहीतरी पिशवीतून परत येतं. तसं आलं की दोन्ही घरं निर्धास्त होतात.

तुम्ही पिशवीत डोकावलातसुद्धा नाहीत. "शिकवणीला येताना काही आणायचं नाही. घरी घेऊन जा."

मी ती मेथी तशीच परत नेली. अप्पांनी पुढच्या आठवड्यात टोमॅटो पाठवले. तेही परत. दसऱ्याला शेवंती पाठवली, फुलं तरी घेईल म्हणून. तुम्ही माझ्याच हाताने ती ओसरीवरच्या सगळ्या मुलांना एकेक वाटायला लावलीत. अप्पांनी रिकामी पिशवी झटकून पाहिली, घडी घातली आणि म्हणाले, "जी बाई मेथीची जुडी घेत नाय, तिला मेथीपेक्षा मोठं कायतरी पायजे हाय. तू फक्त ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. तिथून सगळं सुरू झालं.

तुमची पद्धत वेगळी होती. ट्रंक कॉल लिहून घ्यायच्या जुन्या, रद्द झालेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे तुमच्याकडे होते. एका बाजूला छापील रकाने, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर आम्ही रोज एक शब्द लिहायचा, खाली मराठी अर्थ, आणि त्याखाली त्या शब्दाचं एक इंग्रजी वाक्य. वाक्य पुस्तकातलं चालायचं नाही. आपल्या घरात किंवा डोळ्यांसमोर खरोखर घडलेलं पाहिजे. "दुसऱ्याचं वाक्य पाठ होतं, पण राहत नाही," तुम्ही म्हणायचात. "आपलं वाक्य विसरता येत नाही." चिठ्ठी तुम्ही वाचायचात, चुका दुरुस्त करून द्यायचात आणि ठेवून घ्यायचात. ज्याची त्याची चिठ्ठी, कोणी दुसऱ्याची वाचायची नाही.

ते खरंच राहिलं, बाई. मी बी.ए. झाले ती त्या चिठ्ठ्यांवर. पेपरात शब्द दिसला की आधी आमचं घर दिसायचं आणि मग अर्थ आठवायचा. 'इनहेरिट' म्हटलं की आजोबांकडून अप्पांना मिळालेला मळा आणि खोकला. 'नेबर' म्हटलं की शेजारचे काका, आमच्या विहिरीचं पाणी पितात पण बोलत नाहीत. हे उपकार मी कसे फेडू, असं लिहिलं तर तुम्ही म्हणाल, हे पुस्तकातलं वाक्य आहे. म्हणून लिहीत नाही. एवढंच लिहिते की आज माझ्या ऑफिसात इंग्रजी पत्र आलं की ते माझ्या टेबलावर येतं.

पण तेव्हा गावात काय बोलत होते ते तुम्हाला ठाऊक होतं का? "आयुष्यभर लोकांची बोलणी ऐकली त्या बाईनं. आता फोन नाय, तर पोरांकडून ऐकती." चक्कीवरच्या मावशी हे मोठ्याने म्हणायच्या. त्यात खोटं काय होतं ते मला सांगता यायचं नाही. आम्ही रोज आमच्या घरातली एक खरी गोष्ट तुमच्याकडे ठेवून यायचो, आणि ती अशा भाषेत, जी आमच्या आईवडिलांना वाचता येत नव्हती. तुम्ही चिठ्ठी वाचताना तुमचा चेहरा हलायचा नाही. ऑपरेटरची सवय असेल. मला मात्र वाटायचं की हा चेहरा काहीतरी साठवून ठेवतोय.

तो शनिवार आठवतो? तुम्ही पाटीवर शब्द लिहिलात, गेनलेस. म्हणालात, "हा शब्द डिक्शनरीत आहे, पण लोक फारसा वापरत नाहीत. लोक यूसलेस म्हणतात, फ्रूटलेस म्हणतात. यूसलेस म्हणजे वस्तूच कामाची नाही. गेनलेस म्हणजे कष्ट झाले, वेळ गेला, आणि हातात काही आलं नाही. खटपट, फेरी, भांडण, वाट बघणं, यांना लावायचा हा शब्द. बघू कोण खरं वाक्य आणतं."

मी लगेच हात वर केला. वाक्य माझ्याकडे तयार होतं. दिवाळी झाल्यावर अप्पा शेवंती घेऊन फुलबाजारात गेले, कोणी टोपलीला हात लावला नाही, शेवटी फुलं रस्त्याच्या कडेला ओतून आले. मी म्हटलं, "अप्पांची फेरी गेनलेस होती."

"खरंच काही मिळालं नाही?"

"नाही, बाई. उलट टोपल्या धुवायचं काम वाढलं."

"येताना काय केलं त्यांनी?"

मी आठवून सांगितलं की तिथे एक जण भेटला होता, त्याच्याकडून गुलाबाची कलमं आणायचं ठरवून आले.

"मग हा शब्द चालणार नाही," तुम्ही म्हणालात. "दुसरं वाक्य शोध."

मला राग आला. "अहो बाई, पण ओतली ना फुलं!"

"अप्पा स्वतः म्हणाले का फेरी वाया गेली म्हणून?"

ते तसं म्हणाले नव्हते. मग तुम्ही म्हणालात ते आजही तुमच्या आवाजात ऐकू येतं. "हा शब्द दुसऱ्याच्या कष्टावर चटकन चिकटवता येतो. स्वतःच्या कष्टावर कोणी वापरत नाही. माणूस स्वतःचं काहीतरी मिळालेलं शोधून काढतोच."

"वापरतात, बाई. का नाही वापरणार?"

"सोमवारी आणून दाखव."

मधल्या रविवारी आमच्या घरी मध्यस्थ आले. माझ्या थोरल्या बहिणीला, मंगलताईला, निफाडकडचं स्थळ आलं होतं. पसंती झाली होती, फक्त तारीख ठरायची होती. मध्यस्थांनी चहाही घेतला नाही. उंबऱ्याच्या आत एक पाऊल ठेवून म्हणाले, "मुलीचा आधी साखरपुडा होऊन मोडलाय म्हणे. आम्हाला सांगायला नको होतं का? ते लोक नाही म्हणताहेत."

साखरपुडा मोडला होता हे खरं होतं. त्या मुलानेच दुसरीकडे जमवलं होतं, त्यात ताईचं काही चुकलं नव्हतं. पण आम्ही ते लपवलं होतं, तेही खरं. मध्यस्थ गेल्यावर आईने एकेकाला विचारलं, "कुठं बोललात का कोणी?" माझ्यापर्यंत आली तेव्हा माझा चेहरा बघूनच थांबली.

मी बोलले नव्हते. मी लिहिलं होतं. दोन आठवड्यांपूर्वीचा शब्द होता रिलक्टंट, म्हणजे मनातून तयार नसलेला. माझं वाक्य होतं की माझी बहीण लग्नाला मनातून तयार नाही, कारण तिचा पहिला साखरपुडा मोडला आणि आम्ही तो लपवला आहे.

आई म्हणाली, "लिहून दिलंस? आणि ते बी आम्हाला वाचता येणार नाय असं?"

अप्पा खाटेवर बसले होते. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "मेथी घेत नव्हती ती. म्हणलं नव्हतं मी?" मग ज्याला त्याला आठवलं की बाईंची भाची निफाडला दिलेली आहे. त्या दिवशी आमच्या घरात आणखी कोणी काही विचारलं नाही. ताई तर भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही.

सोमवारी मी सहाला आले. तुम्ही ओसरी झाडत होतात. चिठ्ठी पाटीवर ठेवलेली होती, वर तुमच्या अक्षरात शब्द लिहून ठेवला होता. मी उभ्यानेच म्हटलं, "माझ्या चिठ्ठ्या कोण वाचतं, बाई?"

"मी."

"आणखी कोण?"

तुम्ही झाडू खाली ठेवलात. "काय झालं, शोभा?"

मी काय झालं ते सांगितलं नाही. तुम्हाला ठाऊकच आहे, असं धरून बोलले. "फी घेत नाही, मेथी घेत नाही, फुलं घेत नाही. मग तुम्हाला यातून मिळतं काय?"

तुम्ही पाटीजवळ गेलात. नंतर ती चिठ्ठी उचलून माझ्यापुढे धरलीत. "आजचा शब्द तोच आहे. तू वाक्य लिही, मग सांगते."

मला वाटलं, ही चलाखी आहे. उत्तर नसलं की मास्तर लोक प्रश्न विचारतात. मी म्हटलं, "मी आता तुम्हाला एकही वाक्य देणार नाही." आणि निघाले. तुम्ही मागून हाक मारली नाहीत. हाक मारली असतीत तर मी ती कबुली समजले असते, आणि मारली नाहीत तीही मी कबुलीच समजले.

शिकवणी सुटली. बारावी झाले, कॉलेजला गेले, बी.ए. झाले. तुम्ही गाव सोडून शहरात, द्वारका चौकाजवळच्या एका इमारतीत राहायला गेलात. निकाल लागल्यावर मी पेढे घेऊन तिथे आले होते. ते पेढे कृतज्ञतेचे होते, पण पुरते नव्हते. मला बघायचं होतं की तुम्ही स्वतःहून काही बोलता का. तुम्ही एक पेढा घेतलात, अर्धा मोडून मला दिलात, गुणपत्रिका चष्मा लावून वाचलीत आणि इंग्रजीच्या गुणांवर बोट ठेवून म्हणालात, "छान." खाली द्वारकेच्या चौकात ट्रकांचे हॉर्न चालले होते, त्यामुळे गप्प बसणं फार अवघड झालं नाही.

त्यानंतर वर्षातून एकदोनदा येत राहिले. दर वेळी निघताना ठरवायचे, आज विचारायचं. दर वेळी तुम्ही विचारायचात, "नवीन शब्द काय भेटला?" आणि मी एखादा शब्द सांगायचे, अर्थ सांगायचे, पण वाक्य सांगायचे नाही. तुम्हीही मागितलं नाहीत. माझ्या मनात यायचं, यांना माहीत आहे का मी वाक्य का सांगत नाही ते? माहीत असेल तर या बोलत का नाहीत? ताईचं पुढे पिंपळगावला चांगलं झालं. तिच्या नवऱ्याला सगळं सांगूनच लग्न लावलं. पण माझ्या डोक्यात ती 'रिलक्टंट'ची चिठ्ठी तशीच राहिली, मनातल्या मनात पुन्हा पुन्हा वाचली जाणारी.

पाच दिवसांपूर्वी तुमच्या घरी गेले तेव्हा सुनंदाताईंनी चहा केला. मी डबा मांडीवर घेऊन बसले होते, झाकण घट्ट धरून. मी विचारलं, "तुम्ही उघडलात का हा?"

"नाही गं. आत्याचं कोणी काही उघडलेलं तिला चालायचं नाही. लहानपणी मी विचारायचे, आज फोनवर कोण काय बोललं? तर म्हणायची, मला ऐकू येत नाही, मी फक्त जोडते."

मग मी मेथीचं सांगितलं. त्या हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "अगं, ती एक्स्चेंजमधली सवय तिची. कॉल लवकर लागावा म्हणून लोक आंब्याच्या पेट्या आणायचे, काजू आणायचे. एकदा तिने घेतले आणि एका बाईचा कॉल मागे राहिला. तिचा मुलगा दवाखान्यात होता. तेव्हापासून तिने कोणाकडून काही घेतलं नाही. माझ्या सासरहून आलेली द्राक्षंसुद्धा परत पाठवायची. आमच्या सासूबाई किती चिडायच्या!"

म्हणजे अप्पांच्या हिशोबी न घेणं हा कावा होता आणि तुमच्या हिशोबी ते प्रायश्चित्त होतं. ओसरीवर मी एका बाजूने पिशवी पुढे करत होते, तुम्ही दुसऱ्या बाजूने मागे सारत होतात, आणि हे एक वाक्य कोणी बोललं नाही.

घरी येऊन डबा उघडला. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या, दोऱ्याने बांधलेल्या. कोऱ्या बाजूवर माझं गिचमिड अक्षर. मी चिठ्ठ्या चाळत होते ते पुरावा शोधायला, हेही खरंच लिहिते. एक चिठ्ठी उलटी पडली आणि छापील रकान्यांवर आडवं लिहिलेलं तुमचं अक्षर दिसलं.

मग मी सगळ्या उलटवल्या. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे तुमचं वाक्य होतं. शब्द तोच, वाक्य तुमचं, तुमच्या घरातलं. 'नेबर': माझ्या शेजाऱ्यांनी वर्षभरात मला एकदा किती वाजले ते विचारलं. 'इनहेरिट': मला आईकडून तीक्ष्ण कान मिळाले, बाकी सगळं भावांना. मी एक घर द्यायचे आणि तुम्ही तुमचं एक घर मागच्या बाजूला लिहून ठेवायचात. पण दाखवलं नाहीत, बाई. का नाही दाखवलंत? याचा राग मी अजून सोडलेला नाही.

'रिलक्टंट'ची चिठ्ठी सापडायला वेळ लागला. मागे लिहिलं होतं: माझाही साखरपुडा मोडला होता. मी ते कोणापासून लपवलं नाही, म्हणून दुसरा झाला नाही. शोभाच्या बहिणीचं तसं होऊ नये.

हे वाचूनसुद्धा माझं मन काय म्हणालं सांगू? हे त्याच दिवशी लिहिलंय की नंतर, स्वतःला सोडवायला? मी चिठ्ठी खिडकीशी धरून शाई बघितली. शाईवरून काही कळत नाही. संशयाची इतकी सवय लागलेली होती.

रविवारी ताई आली. तिला चिठ्ठी वाचून दाखवली, मराठीत सांगितलं. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली. मग म्हणाली, "बाईंनी नाय सांगितलं कोणाला. मीच सांगितलं होतं."

"कोणाला?"

"त्या निफाडच्या पोराला. बघायला आले तेव्हा दहा मिनिटं बोलायला दिलं होतं ना आम्हाला गोठ्यापाशी. मी म्हणलं, तुम्हाला नंतर कळण्यापेक्षा आता कळू द्या. तर म्हणाला, मला चालतंय. घरी गेला आन् आईला चाललं नाय."

"ताई, अकरा वर्षं! तू बोलली का नाहीस?"

"अप्पांनी मला मारलं असतं तेव्हा." तिने शेंग तोडली. "आणि मला विचारलं कुठं कोणी? तुम्हा सगळ्यांना बाई सापडल्या होत्या."

मी उठून आत गेले. बाहेर ताई आईला म्हणत होती, "रडू दे तिला. लय उशिरा रडतीय."

शेवटची चिठ्ठी मी त्यानंतर वाचली. गेनलेस. माझी बाजू कोरी, वर फक्त शब्द. मला वाटलं, मागेही काही नसेल, कारण तुम्ही माझ्या वाक्यानंतरच लिहायचात. पण लिहिलेलं होतं. इंग्रजीतलं तुमचं वाक्य असं होतं: माझी शिकवणी गेनलेस आहे; ती विचारते मला काय मिळतं, मला रोज सकाळी एक घर मिळतं. त्याखाली लाल शाईची रेघ, आमच्या चुकांवर मारायचात तशी. आणि शेरा: वापर चूक, या वाक्याला हा शब्द चालत नाही.

अप्पा आता थकलेत. संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून मी ते वाक्य मराठीत सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं.

"म्हंजे घेत होती ना ती कायतरी?"

"हो, अप्पा. आपल्या घरातलं बोलणं घेत होत्या. त्यांच्या घरात कोणी बोलायला नव्हतं."

ते गुडघे चोळत म्हणाले, "मंग तवाच सांगायचं ना तिनं. एवढ्यासाठी कोण नाय म्हणलं असतं?" थोड्या वेळाने म्हणाले, "मी फुकाट नाव ठेवलं तिला." आणि सकाळी स्वतः वाफ्यात बसून मेथीच्या जुड्या बांधल्या. त्यांना आता वाकायला होत नाही, तरी माझ्या हातात विळा दिला नाही.

आम्ही दोघं द्वारकेला उतरलो. चौक ओलांडायला त्यांना माझा हात लागला. सुनंदाताईंनी दार उघडलं, पिशवी बघून क्षणभर थांबल्या. आत्याचं घर, आत्याची रीत. अप्पा म्हणाले, "घ्या ताई. वानवळा हाय. बाईंच्या नावाचा." त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. निघताना पिशवी परत दिली, तर तळाशी साखरेची पुडी होती. अप्पांनी जिन्यातच पिशवी चाचपून बघितली आणि म्हणाले, "जमलं."

त्यांचं जमलं, बाई. माझं एक काम राहिलं होतं. आज सकाळी साडेसहाला चिठ्ठी घेऊन बसले, माझी कोरी बाजू वर केली, अर्थ लिहिला आणि वाक्य लिहिलं. इंग्रजीत आहे, इथे मराठीत सांगते: मी माझ्या बाईंवर अकरा वर्षं संशय घेतला, तो गेनलेस होता.

तुम्ही विचाराल, "खरंच काही मिळालं नाही?" मी सगळीकडे शोधलं. गुलाबाच्या कलमांसारखंसुद्धा काही सापडलं नाही. कष्ट मात्र पुष्कळ झाले. दर भेटीला, दर शब्दाला. स्वतःच्या कष्टावर हा शब्द कोणी वापरत नाही म्हणाला होतात. सोमवारी आणून दाखव म्हणाला होतात. हे घ्या, उशिरा आणलंय. वाक्य खरं आहे आणि वापर बरोबर आहे. यावर लाल रेघ मारता येणार नाही, बाई. मारता आली असती तर किती बरं झालं असतं.